म्हातारीच्या पायातली रेघ

लोणच्याच्या बरणीला तडा गेला असला तर तो आधी डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही बरणी धुता, पुसता, उन्हात ठेवता, बोटानं वाजवून पाहता. सगळं ठीक. मग लोणचं भरलं की दुसऱ्या दिवशी बाहेरून केसाएवढी तेलाची रेघ उमटते. पुसली तरी संध्याकाळी पुन्हा हजर. तेलाला वाट सापडली की ते गप्प बसत नाही.

माझं सव्वीस वर्षांचं काम एवढंच होतं. फक्त बरणीच्या जागी विमान होतं.

मनीषनगरच्या आमच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बायांना मी विमानाच्या कामावर होते असं कळलं, तेव्हा एकीनं विचारलं, "हवाई सुंदरी होत्या का वं?" दुसरीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कायची सुंदरी! झाडपूस करत असन." दुसरीचं बरोबर होतं. मी लागले ती झाडपूस करायलाच.

मी मूळची कामठीची. शाळा सातवीपर्यंत. पॉवरलूमवर कापड निघालं की ते उजेडासमोर धरून तुटलेला धागा शोधायचा, हे काम आम्हा बायांकडे असायचं. शेकडो धाग्यांत एक नसलेला धागा शोधायचा. असलेली वस्तू कोणीही शोधेल. नसलेली शोधायला डोळा वेगळा लागतो. पुढे माग बंद पडले आणि ओळखीच्या एका माणसानं मला विमानतळाच्या बाजूला, वैमानिक शिकवणाऱ्या एका संस्थेच्या हँगरमध्ये लावून दिलं. हँगर म्हणजे विमानाचा गोठा. आमच्या गोठ्यात चार लहान विमानं होती. बाहेरची चार-दोन दुरुस्तीला यायची. माझ्याकडे एक बादली, एक फडकं आणि हुकूम: तेलाचे डाग पुसायचे, कशालाही हात लावायचा नाही. हात न लावता पुसायचं कसं, हे मी कोणाला विचारलं नाही.

तिथले इंजिनिअर खापेकर साहेब. विमान उडायला ठीक आहे असं लिहून देण्याचा परवाना त्यांच्याकडे. त्यांची सही झाल्याशिवाय विमान दाराबाहेर जायचं नाही. माणूस उंच, आवाज बारीक, खिशात कायम एक भिंग. कामाला लागून दोनेक महिने झाले असतील. मी एका विमानाचा पंख पुसत होते आणि ते शेजारून जात होते. मी म्हटलं, "साहेब, या खिळ्याभोवती रोज काजळ येते. आज पुसलं तर दोन दिवसांनी पुन्हा हजर. बाकीच्या खिळ्यांले नाही येत."

ते थांबले. भिंग काढलं. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"तुले हे कोणी दाखवलं वं?"

"कोणी नाही. मीच तर पुसून राहिली रोज."

विमानाचा पत्रा ज्या खिळ्यांनी जोडतात तो खिळा सैल झाला की उडताना पत्र्यावर घासतो. घासून घासून धातूची भुकटी होते आणि ती काजळासारखी भोवती पसरते. तो खिळा सांगत असतो की मी हलून राहिलो. आणि मी इतके दिवस त्याचं बोलणं रोज फडक्यानं पुसत होते. साहेबांनी त्या दिवशी मला एक वाक्य सांगितलं. माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात आलं.

"पुसायच्या आधी दाखव. दाखवल्याशिवाय पुसायचं नाही, सुमन."

त्यांनीच मला शिकवलं. माझं फडकं गेलं नाही, पण त्याच्याबरोबर भिंग आलं. जाड इंग्रजी पुस्तकातली चित्रं दाखवून ते म्हणायचे, "हे वाच." मी म्हणायची, "साहेब, इंग्रजी येत नाही." "चित्र येते ना? चित्र वाच. नावं आपोआप येतात." आली. नंतर नंतर तर नवीन आलेले शिकलेले लोक भागांची नावं मला विचारायचे. मी सांगायची आणि मनात म्हणायची, बापू, तुझ्याजवळ डिग्री आहे, माझ्याजवळ सातवीचा दाखला पण उंदरानं खाल्लेला.

विमानाचं म्हातारपण कसं असतं ते सांगते, कारण लोकांचा त्यात मोठा गैरसमज आहे. विमानाचं वय नुसतं वर्षांत मोजत नाहीत. किती तास उडालं आणि किती वेळा खाली उतरलं, हे खरं वय. उतरणं त्याला फार लागतं. एक तार घ्या, वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. पहिल्या वेळी काही होत नाही, दहाव्या वेळी नाही, मग एकदा कधीतरी ती तुटते आणि तुम्ही म्हणता अचानक तुटली. अचानक काही नसतं. आत कुठंतरी केसाएवढा तडा आधीच गेलेला असतो आणि प्रत्येक उतरण्याबरोबर तो एक पाऊल पुढे सरकतो. जुनं विमान वाईट असतं असं मुळीच नाही. नीट पाहिलेलं जुनं विमान न पाहिलेल्या नव्यापेक्षा शंभरदा बरं. पण म्हाताऱ्या माणसाला जसं रोज विचारावं लागतं, तसं त्यालाही विचारावं लागतं. आणि मुख्य म्हणजे ते सांगेल ते ऐकावं लागतं.

विचारायची आमची रीत बरणीसारखीच. ज्या भागावर संशय, त्यावरचा रंग काढायचा, तो स्वच्छ करायचा. मग त्यावर एक लाल पातळ रंग लावायचा. तडा असला तर रंग त्यात झिरपतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळीच उरकावं लागतं, दुपारी पत्र्यावर भाकरी भाजता येईल इतका तो तापतो आणि रंग झिरपायच्या आधीच वाळून जातो. मग वरचा लाल रंग पुसून घ्यायचा आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. तड्यात लपलेला लाल रंग ती भुकटी वर ओढून घेते. पांढऱ्यावर लाल रेघ. लहान मुलाला दाखवा, तेही बोट ठेवेल.

यात सगळी खुबी पुसण्यात आहे. रंग पुसायला एक पातळ द्रावण असतं, डब्यातून फवारता येणारं. ते फडक्यावर घ्यायचं, तेही थेंबभर, आणि त्या ओलसर फडक्यानं पुसायचं. थेट भागावर फवारायचं नाही. कधीच नाही. थेट फवारलं तर ते तड्याच्या आत शिरतं आणि आतला लाल रंगसुद्धा धुऊन काढतं. मग वरून कितीही भुकटी मारा, पांढरं ते पांढरंच. तडा जागच्या जागी असतो आणि तुम्ही म्हणता, काही नाही. नवशिक्याची ही पहिली चूक. साहेबांनी माझ्या हातातून डबा हिसकून घेऊन मला एकदाच सांगितलं होतं, "आंधळ्याचे डोळे धुऊन का फायदा, सुमन? थेंबभर!"

रेघ उमटली की साहेबांना हाक मारायची. ते भिंगातून पाहायचे आणि कागदावर लिहायचे. सही त्यांची, कारण अधिकार त्यांचा. माझं नाव कुठंच नसायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणजे वाटत होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. साहेबांना ते कळलं असावं. त्यांनीच एक युक्ती दाखवली. पांढऱ्यावर उमटलेल्या रेघेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची आणि उचलायची. भुकटीसकट लाल रेघ पट्टीवर येते. ती वहीत चिकटवायची, शेजारी तारीख, विमानाचा नंबर, भागाचं नाव. "कागदावर सही माझी राहीन," ते म्हणाले, "पण रेघ तुझी आहे. तू ठेव." माझी ती वही नातवंडांच्या फोटोंच्या अल्बमसारखी फुगलेली होती.

एक गिऱ्हाईक आठवतं. बाहेरगावचा व्यापारी, हौसेनं जुनं विमान घेतलेला, पांढऱ्या बुटातला. विमान असं चकाचक रंगवून आणलं की हँगरमधले सगळे पाहायला गोळा झाले. म्हणाला, "नया जैसा है, बस कागज बना दो." साहेब म्हणाले, "जरूर. पहले रंग उतारेंगे." त्याचा चेहरा असा झाला की जणू लग्नात नवरीचं तोंड धुवायला सांगितलं. रंगाखाली गंज निघाला, मीठ लागल्यासारखा फुललेला. तो साहेबांवर ओरडला, वर कोणाकोणाला फोन लावले, दुसरीकडून लिहून आणतो म्हणाला. साहेब बारीक आवाजात म्हणाले, "ले आइए. पर उसमें आप मत बैठिए." विमान आमच्याकडेच राहिलं आणि तीन महिन्यांनी नीट होऊन गेलं. दिवाळीला त्या माणसानं मिठाई पाठवली. साहेब असे होते. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा. मला ध्यानात ठेवावं लागतं.

आमच्या चार विमानांतलं सगळ्यात जुनं, त्याला आम्ही म्हातारी म्हणायचो. ऋतुजा त्या विमानावर उडायला शिकली. जुन्या शहरातल्या महाल वस्तीतली पोरगी, बाप शाळेत शिक्षक. शिकायला आली तेव्हा हँगरच्या दाराशी उभी राहून चपला काढू लागली, मी म्हटलं, "अवं, देऊळ नाही हे, बूट घालून ये." पुढे ती तिथंच शिक्षिका झाली आणि म्हातारीवर पोरांना शिकवू लागली. रोज सकाळी उडायच्या आधी ती माझ्याकडे यायची. विमानाचे कागद ती वाचायचीच, सगळे वाचतात. पण कागद वाचून झाले की माझ्या स्टुलाशी यायची. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतायची. अर्धा ती प्यायची, अर्धा माझ्यासाठी ठेवायची. आणि विचारायची, "मावशी, म्हातारी कशी आहे?"

मी सांगायची. "डावं चाक कुरकुरते, पण भीती नाही." "आज ब्रेकवर जरा लक्ष दे." नाहीतर मग, "ठणठणीत." मी ठणठणीत म्हटलं की ती झाकण परत द्यायची आणि जायची.

आता त्या वर्षाचं.

त्या वर्षी माझं एक चुकलं. दुसऱ्या एका विमानाच्या इंजिनाच्या आधाराला मला रेघ दिसली. विमान खोललं, भाग काढून बाहेर तपासायला पाठवला. आठ दिवस विमान उभं. उत्तर आलं: तडा नाही, पूर्वी कधी पान्हा लागून खरवडलेलं आहे. असं होतं. व्हायलाच पाहिजे. दहा वेळा उगाच थांबलं तरी चालेल, असाच हा धंदा आहे. पण संस्थेचे मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "खापेकरसाब, आपकी बाई को हर जगह लकीर दिखती है. चश्मा बदलवा दो." सगळे हसले. मीही हसले. वाईट याचं वाटलं की साहेबही हसले.

तेव्हापासून मी "लकीरवाली बाई" झाले. मी भिंग काढलं की कोणीतरी म्हणायचं, "चला, आता आठ दिवस सुटी." चेष्टाच ती. पण चेष्टेचं तेलासारखं असतं, आत झिरपतं. मी एक रेघ दोनदा, तीनदा पाहायला लागले. माझ्या स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास कुठंतरी सैल झाला आणि घासायला लागला.

अशात म्हातारीच्या पायांची तपासणी आली. चाकाचा पाय विमानाच्या पोटाला जिथं जोडलेला असतो तो सांधा. उतरताना सगळा भार तिथं येतो. दोन विमानं आधीच उभी होती, एकाचा सुटा भाग परदेशातून यायचा होता. पोरं उडण्यासाठी ताटकळत होती, त्यांचे आईबाप येऊन ऑफिसात ओरडून जात होते. मॅनेजर दिवसातून चारदा हँगरमध्ये चक्कर मारायचे आणि साहेबांना एकच विचारायचे, "बुढिया कब निकल रही है?"

एप्रिलची सकाळ. मी रंग लावला, थांबले, थेंबभर पुसलं, भुकटी मारली. उजव्या पायाच्या सांध्याला रेघ आली. तांदळाच्या दाण्याएवढी. खरवडलेल्याची रेघ फिकी आणि रुंद असते, एकदा दिसली की तेवढीच राहते. ही बारीक होती, टोकदार, आणि माझ्या डोळ्यांदेखत गडद होत होती. मी चिकटपट्टी दाबली, उचलली, वहीत लावली, तारीख घातली. मग साहेबांना हाक मारली. पुसायच्या आधी दाखवलं.

साहेब वाकले. भिंगातून पाहिलं. त्यांना सरळ व्हायला वेळ लागला.

"खरवड असन," ते म्हणाले.

"खरवड अशी नसते, साहेब. ही टोकदार आहे. पहा ना, वाढून राहिली."

"मागच्या वेळीही तू असंच म्हणत होती."

मी रेघेवरून भिंग बाजूला केलं.

"परत कर," ते म्हणाले. परत करण्यात चूक काही नाही, संशय आला की परत करतातच. मी फडकं उचललं. ते दोन पावलं गेले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "अन् चांगलं धु."

सव्वीस वर्षांत या माणसानं मला कधी "धु" म्हटलं नव्हतं. थेंबभर म्हणायचे. ते नळाशी जाऊन हात धुवायला लागले, हात त्यांचे स्वच्छच होते. माझ्या हातात द्रावणाचा डबा होता. मला काय सांगितलंय ते मला कळलं होतं. मी नवशिकी नव्हते. कोणी माझा हात धरला नव्हता.

मी थेट फवारलं. लाल पाणी खाली ओघळलं. पुन्हा फवारलं, पाणी गुलाबी झालं, मग नुसतं पाणी. मग वाळवलं आणि भुकटी मारली. पांढरं, दुधासारखं पांढरं.

साहेब आले. "पाह, काही नाही."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी कागदावर लिहिलं, तपासणीत दोष आढळला नाही. खाली सही केली. त्यांची सही फार सुंदर होती. त्या दिवशी पेन उमटत नव्हतं, दोनदा गिरवावी लागली.

मी तसं काहून केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नोकरी जाण्याची भीती होती असं सांगितलं असतं तर लोकांना पटलं असतं, पण ती नव्हती, माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. साहेबांचे उपकार होते, ते खरं. पण त्याहून खरं हे, की मला पुन्हा माझं हसं करून घ्यायचं नव्हतं. "लकीरवाली बाई" पुन्हा ऐकायचं नव्हतं. एवढ्याशासाठी. तांदळाच्या दाण्याएवढ्या मानासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा आली. चहा अर्धा प्यायली. "मावशी, म्हातारी कशी आहे?"

माझ्याजवळ तेव्हा वेळ होता. सांगायला चार शब्द पुरले असते.

"ठणठणीत," मी म्हटलं.

त्यानंतर दीड महिना ती रोज विचारायची आणि मी रोज तोच शब्द सांगायची. ती गेली की मी हँगरच्या दारात उभी राहून म्हातारी परत उतरेपर्यंत पाहत राहायची. उतरली की वाटायचं, म्हणजे साहेबांचंच बरोबर होतं, खरवडच होती. एकेका उतरण्याबरोबर माझा धीर वाढत होता. तड्याचंही एकेक पाऊल वाढत होतं.

जूनच्या एका सकाळी म्हातारी टेकली आणि तिचा उजवा पाय दुमडला. पंख जमिनीला लागला, विमान गर्रकन फिरून गवतात गेलं. आवाज फार मोठा नव्हता. पत्र्याचा डबा पायऱ्यांवरून पडावा तेवढाच. शिकणारा पोरगा स्वतः चालत बाहेर आला, कपाळ खरचटलं होतं. ऋतुजाला बाहेर काढावं लागलं. पाठीचा मणका. स्ट्रेचर माझ्या जवळून नेलं तेव्हा ती शुद्धीत होती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली,

"मावशी, मी हळूच उतरवलं होतं."

चौकशीला दिल्लीहून माणसं आली. तुटलेल्या तुकड्यात तडा जुना आहे हे त्यांना दिसलं, ती शिकलेली माणसं होती. पण एप्रिलच्या कागदावर लिहिलं होतं, दोष आढळला नाही. मग निष्कर्ष निघाला: तपासणीनंतरच्या काळात विमान केव्हातरी जोरात आपटलं असावं, त्यानं तडा गेला, आणि ते आपटणं लिहून ठेवायला हवं होतं ते लिहिलं गेलं नाही. त्या दीड महिन्यात म्हातारी बहुतेक ऋतुजाकडेच होती. म्हणजे लपवलं ऋतुजानं. तिचा परवाना थांबवला. ती अंथरुणावरून सांगत राहिली की जोरात उतरलं असतं तर मी लिहिलं असतं. कागदासमोर तिचं काय चालणार?

मला कोणी काही विचारलं नाही. माझं नावच कुठं नव्हतं. त्यांच्यातल्या एकानं मला फक्त एवढं विचारलं, "बाई, पीने का पानी कहाँ है?" मी दाखवलं.

चौकशी चालू असताना साहेब माझ्या स्टुलाशी आले. तोंड उतरलेलं. इकडे तिकडे पाहिलं.

"वही कुठं आहे वं तुझी?"

"इथंच आहे, ड्रॉवरमध्ये."

ते वही मागतील असं वाटलं. मागितली असती तर मी दिली असती, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि त्याची लाजही. त्यांनी मागितली नाही. "घरी ने," एवढंच म्हणाले. फाड म्हणाले नाहीत, जाळ म्हणाले नाहीत. घरी ने.

मी नेली. दिवाणाच्या पेटीत रजयांच्या खाली ठेवली. त्या दिवाळीच्या आत आम्ही दोघंही निवृत्त झालो. एकाच समारंभात. त्यांना शाल, मला शाल. भाषणात मॅनेजर म्हणाले, यांच्या नजरेतून काही सुटलं नाही. टाळ्या वाजल्या. साहेब खाली पाहत होते.

नंतर तीन वर्षं आमची गाठ पडायची ती लग्नाकार्यात. ते विचारायचे, "कशी आहे सुमन?" मी म्हणायची, "बरी आहे, तुम्ही?" तिसरा विषय निघायचा नाही. या पावसाळ्यात साहेब गेले, झोपेतच. मी तेराव्याला जाऊन जेवून आले. तिसऱ्या दिवशी रजया काढल्या आणि वही घेऊन महालात गेले.

ऋतुजाच्या आईनं दार उघडलं. "अवं सुमनमावशी! या ना, किती दिवसांनी!" तिला काही माहीत नव्हतं. ऋतुजा उंच पाठीच्या खुर्चीत बसलेली होती, शेजारी काठी. समोर कॉम्प्युटर. वैमानिक होऊ पाहणाऱ्या पोरांना ती घरून हवामानाचा विषय शिकवते. उडत मात्र नाही.

मी वही तिच्यापुढे उघडून ठेवली. ती हुशार आहे, तिला समजावून सांगावं लागलं नाही. पट्टीवरून बोट फिरवलं. नंबर वाचला. तारीख वाचली. तारीख पुन्हा वाचली.

"ही तपासणीची तारीख आहे."

"हो."

"म्हणजे तडा आधीच होता."

"हो."

"मग कागदावर..."

"मी धुतला," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, नळाच्या आवाजासकट.

तिनं पट्टीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी रोज विचारत होते तुम्हाला."

"हो."

"रोज, मावशी."

मग ती म्हणाली, "साहेब कधी गेले?"

"पंधरा दिवस झाले."

"म्हणजे साहेब असेपर्यंत थांबलात. त्यांना त्रास नको म्हणून." आवाज चढला नव्हता तिचा. "मला रोज लोक विचारतात, खरं सांग, आपटलं होतंस ना? माझे बाबा जाईपर्यंत मला तेच विचारत होते."

तिचे वडील गेल्याचं मला माहीत नव्हतं. मी विचारायला कधी आलेच नव्हते.

"तू म्हणशील ते करते," मी म्हटलं.

तिनं एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. काय केलं ते, ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं. खाली सही करा."

"माझ्या सहीले का अर्थ आहे वं? मले अधिकार नाही."

"धुवायचा होता?"

मी लिहिलं. दीड पान झालं. सव्वीस वर्षांत कामाच्या कागदावर माझी ती पहिली सही. तिनं कागद घेतला आणि विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसा बोट ठेवून वाचला. शेवटी म्हणाली, "'ठणठणीत' लिहायचं राहिलं."

"ते पण लिहू?"

"हो."

मी सहीच्या वर जागा करून तेही लिहिलं.

तो कागद, वहीतलं ते पान आणि तिचा अर्ज आता दिल्लीला गेले आहेत. उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. तिचं नाव धुऊन निघेल, पाठ काही सरळ होणार नाही. इथं लिहिते आहे ते यासाठी, की अर्ज फायलीत राहतो आणि दिवाळी अंक लोक वाचतात. साहेबांच्या घरचे हे वाचतील. त्यांना वाईट वाटेल. त्यांनी हेही वाचावं की माझ्या डोळ्याला किंमत देणारा तो पहिला माणूस होता आणि शेवटी फवारणारा हात माझा होता.

त्या दिवशी तिच्या आईनं चहा आणला. आम्ही बोलत होतो म्हणून कप ठेवून आत गेली. एकच कप होता, ऋतुजा आता चहा घेत नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी सवयीनं अर्धा बशीत ओतला आणि बशी तिच्याकडे सरकवली.

तिनं बशीकडे पाहिलं. मग दोन बोटांनी ती हळूच माझ्याकडे परत सरकवली.

"तुम्हीच घ्या, मावशी."

मी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. हात अजून पक्का आहे माझा, टेबलावर थेंबही सांडला नाही.